अर्ध्या हंगामातला निकाल: झहीर, रहाणे आणि डेटा कुठे थांबवायचा?

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला अडणारा प्रश्न विषयाचा नसतो. तो कालखंडाचा असतो. ‘अमुक ते तमुक’ एवढे दोन आकडे टाकायचे असतात आणि बहुतेक जण गोल आकडे टाकून मोकळे होतात. १९५० ते २०००. का? तर बरं दिसतं म्हणून. गाईडने विचारलं की मग धावपळ.

हे दोन आकडे किती महाग पडू शकतात, ते आज क्रिकेटच्या इतिहासातून पाहू. आपल्या नगर जिल्ह्याने (आता अहिल्यानगर) भारताला दोन मोठे खेळाडू दिले. डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान श्रीरामपूरचा, जन्म ७ ऑक्टोबर १९७८. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, जन्म ६ जून १९८८. दोघांबद्दल आपल्याकडे भरपूर वाद झालेत, आणि बहुतेक वाद हंगाम अर्धा असताना. कोण संपला, कोणाला काढा, कोणाच्या बदल्यात कोणाला घ्या. ‘रहाणेला आता काढाच’ हे वाक्य आमच्याकडे रसवंतीवर एवढ्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की ऋतू ओळखायला कॅलेंडर लागत नाही.

आधी एक छोटं उदाहरण. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. झहीरचा पहिला स्पेल ५ षटकं, त्यातली ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. दिवस संपताना त्याच्या नावावर १० षटकं, ६० धावा, २ बळी. म्हणजे उरलेल्या ५ षटकांत ५४ धावा. माणूस तोच, मैदान तेच, सामनाही तोच. पाच षटकांनंतर वही मिटली तर तुम्ही ‘अंतिम सामन्यातली अविस्मरणीय गोलंदाजी’ लिहाल. दहा षटकांनंतर मिटली तर ‘महागडा ठरला’. दोन्हींचे आकडे खरे आहेत. फरक फक्त वही कधी मिटली याचा. (त्या स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले आणि शाहिद आफ्रिदीबरोबर तो पहिल्या क्रमांकावर राहिला. पूर्ण स्पर्धा धरली तर चित्र पुन्हा बदलतं.)

आता अदलाबदलीकडे या. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. जुलैअखेर, म्हणजे साधारण शंभरेक सामने झाल्यावर, खेळाडू बदलण्याची मुदत संपते आणि त्याआधी तिकडे मोठी धामधूम असते. आयपीएलमध्ये साखळीचे सामने १४. तिथे सात सामने झाले की अर्धा हंगाम झाला, आणि सात सामन्यांत काय कळणार? आपल्याकडच्या अदलाबदली म्हणूनच बहुतेक दोन हंगामांच्या मधल्या काळात होतात. सुरुवातीच्या गाजलेल्या अदलाबदलीपैकी एकीत आपला श्रीरामपूरचा माणूस होता. जानेवारी २००९ मध्ये बंगळूरने झहीर मुंबईला दिला आणि मुंबईने रॉबिन उथप्पा बंगळूरला. झहीर रणजीत मुंबईकडून खेळत होता, उथप्पा कर्नाटकचा. दोघंही एका अर्थाने घरी गेले.

मग फायदा कोणाचा झाला? २००८ मध्ये बंगळूर आठ संघांत सातवं होतं, मुंबई पाचवी. २००९ मध्ये बंगळूर थेट अंतिम फेरीत आणि मुंबई सातवी. झहीर खांद्याच्या दुखापतीने त्या हंगामात पूर्ण खेळूही शकला नाही. २००९ च्या शेवटी कोणी पेपर लिहिला असता तर निष्कर्ष तयार होता: मुंबई फसली. पण २०१० मध्ये मुंबई अंतिम फेरीत पोहोचली. आता काय लिहायचं?

शिवाय २००९ ची स्पर्धा लोकसभा निवडणुकीमुळे दक्षिण आफ्रिकेत हलवली गेली होती. खेळपट्ट्या वेगळ्या, हवा वेगळी. बंगळूरचं नेतृत्व हंगामाच्या मध्यात अनिल कुंबळेकडे गेलं. एवढ्या गोष्टी एकदम बदललेल्या असताना एका अदलाबदलीला संघाच्या क्रमांकाचं श्रेय द्यायचं, हे प्रयोगशाळेत एकाच वेळी तापमान, दाब आणि द्रावण बदलून मग उत्प्रेरकाचं कौतुक करण्यासारखं आहे. विज्ञान शाखेच्या पोरांना हे पटकन कळतं. इतिहासात मात्र आपण हे बिनधास्त करतो, कारण गोष्ट छान जुळते.

दुखापतींचं प्रकरण याहून अवघड आहे. २००७ च्या इंग्लंड दौऱ्यात झहीरने तीन कसोटींत १८ बळी घेतले, भारत मालिका १-० ने जिंकला. चार वर्षांनी, २१ जुलै २०११ ला लॉर्ड्सवर त्याने दोन्ही सलामीवीर बाद केले, १३.३ षटकांत १८ धावा दिल्या आणि मांडीमागचा स्नायू धरून बाहेर गेला. मालिकेत पुन्हा दिसला नाही. भारत ०-४ ने हरला आणि कसोटीतला पहिला क्रमांकही गेला. तेव्हापासून ‘झहीर असता तर’ हे वाक्य आपण ऐकतोय. जिल्ह्याचा अभिमान म्हणून मलाही ते आवडतं.

पण तपासायचं ठरवलं तर पहिला प्रश्न हा: झहीरने काय बदललं असतं आणि काय बदललंच नसतं? भारताचे त्या मालिकेतले आठ डाव बघा: २८६, २६१, २८८, १५८, २२४, २४४, ३००, २८३. आठपैकी एकाही डावात भारत ३०० च्या पुढे गेला नाही, आणि त्यातही राहुल द्रविडची तीन शतकं आहेत. हे झहीरच्या मांडीमुळे झालं नव्हतं. एजबॅस्टनला इंग्लंडने ७ बाद ७१० केल्या, तिथे तो असता तर फरक पडला असता हे मान्य. म्हणजे ‘झहीर असता तर’ या वाक्याचा थोडा भाग टिकतो, मोठा भाग गळतो. जर-तरचा इतिहास निषिद्ध आहे असं काही प्राध्यापक सांगतात. मला तसं वाटत नाही. जर-तर लिहावं, पण आधी दुसऱ्या बाजूचा धावफलक काढून बघावा.

आता रहाणे. इथे मामला जास्त खोल आहे, म्हणून जरा थांबू.

२०१९ च्या आयपीएलमध्ये तो राजस्थानचा कर्णधार होता. आठ सामने झाले, दोन जिंकले, सहा हरले. २० एप्रिलला त्याला काढून स्टीव्ह स्मिथला कर्णधार केलं. त्याच दिवशी संघ मुंबईविरुद्ध जिंकला. दोन दिवसांनी जयपूरला रहाणेने दिल्लीविरुद्ध ६३ चेंडूंत नाबाद १०५ केल्या आणि संघ तरीही हरला. लगेच दोन कथा तयार झाल्या. एक: ओझं उतरलं आणि बॅट मोकळी झाली. दुसरी: बघा, चुकीच्या माणसाला शिक्षा दिली. दोन्ही कथा एकाच डावावर उभ्या.

इथे साधं गणित करून बघा. समजा सगळे संघ अगदी बरोबरीचे आहेत, प्रत्येक सामना म्हणजे नाणं उडवणं. आठ वेळा नाणं उडवलं तर एकूण २५६ शक्यता. त्यात दोन किंवा कमी छापा पडण्याच्या शक्यता १ + ८ + २८ = ३७. म्हणजे १४ टक्क्यांच्या वर, साधारण सातात एक. आणि स्पर्धेत संघ होते आठ. म्हणजे कोणाचंही काहीही चुकलेलं नसताना, आठ सामन्यांनंतर सरासरी एक संघ ‘दोन विजय किंवा कमी’ या खड्ड्यात सापडणारच. कर्णधाराचं नशीब एवढंच की तो त्या संघाचा होता. रहाणेचं नेतृत्व उत्तम होतं असं हे गणित सांगत नाही. ते फक्त सांगतं की २-६ या आकड्यात नेतृत्व वाईट असल्याचा पुरावा फार थोडा आहे.

स्मिथच्या हाताखाली पुढे पाच सामने झाले: तीन विजय, एक पराभव, एक पावसाने वाहून गेला. तो विश्वचषकाच्या तयारीसाठी ऑस्ट्रेलियाला परतला, शेवटच्या सामन्यात पुन्हा रहाणे कर्णधार आणि पराभव. एकूण पाच विजय, ११ गुण, सातवा क्रमांक. ‘स्मिथने सुधारणा केली’ असं लिहायचा मोह होतो ना? निकाल लागलेल्या चार सामन्यांत नाण्याने तीन किंवा जास्त वेळा छापा देणं ही १६ पैकी ५ वेळा होणारी गोष्ट आहे. ३१ टक्के.

तुलनेसाठी २०२० चा पंजाबचा संघ घ्या. पहिल्या सातपैकी एकच विजय. कर्णधार के. एल. राहुल, त्याला कोणी काढलं नाही. पुढचे पाचही सामने त्यांनी जिंकले. आता श्रेय आठव्या सामन्यापासून आलेल्या ख्रिस गेलला द्यायचं की नाही, हा वेगळा वाद. पण कर्णधार बदलला नाही तरी गाडी वर येऊ शकते एवढं यातून दिसतं. औषधाच्या चाचणीत औषध न दिलेला गट ठेवतात, तसं. एकाच संघावरून नियम निघत नाही, पण ‘काढल्यामुळेच सुधारलं’ म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

हा प्रश्न संख्याशास्त्रात आधीच गाजलेला आहे आणि तो गाजला बेसबॉलमुळे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या हंगामातले १८ फलंदाज घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी. सर्वांत वर रॉबर्टो क्लेमेंटे, ४५ पैकी १८ वेळा यशस्वी, म्हणजे ०.४००. सर्वांत खाली मॅक्स अल्विस, ०.१५६. अठरा जणांची सरासरी ०.२६५. प्रश्न असा की उरलेल्या हंगामात कोण कितीने खेळेल? आपल्याला वाटतं, प्रत्येकाचा आतापर्यंतचा आकडाच उत्तम अंदाज. पण चार्ल्स स्टाइनने १९५६ मध्ये दाखवलेल्या विचित्र निष्कर्षाच्या आधारे त्यांनी प्रत्येकाचा आकडा सामायिक सरासरीकडे ओढला, आणि थोडाथोडका नव्हे. सरासरीपासूनचं अंतर जवळपास पाचव्या हिश्श्यावर आणलं. हंगाम संपल्यावर हिशोब केला तर ओढलेल्या अंदाजांची एकूण चूक मूळ आकड्यांच्या चुकीच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघाली. फ्रँक रॉबिन्सन ०.३७८ वरून ०.२९८ वर आला. थर्मन मन्सन हा नवा पोरगा ०.१७८ वर रखडला होता, उरलेल्या हंगामात ०.३१६ ने खेळला. पाचव्या आठवड्यात त्याला काढा म्हणणारे असतीलच.

पण क्लेमेंटेचं काय झालं? त्याने उरलेल्या हंगामात ०.३४६ काढले. पद्धतीने त्याला ०.२९ च्या आसपास खेचलं होतं, म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला. कारण ती पद्धत फक्त ४५ संधी बघत होती. क्लेमेंटे १९५५ पासून खेळतोय आणि पिढीतल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याचं खरं काम इथे सुरू होतं. सरासरीकडे ओढायचं, पण कोणत्या सरासरीकडे? सगळ्या खेळाडूंच्या की त्या माणसाच्या स्वतःच्या आधीच्या पंधरा वर्षांच्या?

म्हणून २०२३ चा रहाणे. चेन्नईने त्याला ५० लाख या मूळ किमतीत घेतलं होतं. ८ एप्रिलला वानखेडेवर २७ चेंडूंत ६१, २३ एप्रिलला ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. २५ एप्रिलला कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा संघ जाहीर झाला आणि त्यात रहाणे होता. ओरड झाली की आयपीएलच्या पाच सामन्यांवर कसोटी संघ निवडतात का? निवडकर्त्यांच्या टेबलावर त्या दिवशी काय होतं ते बघा. श्रेयस अय्यर पाठीच्या दुखण्याने बाहेर, म्हणून मधल्या फळीत जागा रिकामी. रहाणेच्या आधीच्या ८२ कसोटी. त्याच हंगामातल्या रणजीतल्या ६३४ धावा, सरासरी ५७ च्या वर, त्यात एक द्विशतक. आणि मग ते पाच सामने. पाच सामन्यांनी दार ठोठावलं असेल, आत नेण्याइतकं वजन बाकीच्या कागदांत होतं.

जूनमध्ये ओव्हलवर त्याने ८९ आणि ४६ केल्या, पहिल्या डावात बोटाला मार लागलेला असताना. जुलैमध्ये वेस्ट इंडिजला उपकर्णधार म्हणून गेला. दोन कसोटी, दोन डाव, ३ आणि ८. त्यानंतर तो भारतासाठी कसोटी खेळलेला नाही. एकूण कसोटी ८५.

तुमच्या प्रबंधाचा शेवट जून २०२३ असेल तर प्रकरणाचं नाव ‘पुनरागमन’. जुलै २०२३ असेल तर ‘अखेर’. मी लिहिणार असेन तर २५ एप्रिल हीच तारीख घेईन, त्या दिवशी टेबलावर असलेले कागद मांडीन आणि ८९ किंवा ३ यांपैकी एकही आकडा त्या निर्णयाच्या बाजूने वा विरोधात वापरणार नाही. ते आकडे पुढच्या प्रकरणात येतील. कालखंडाच्या रकान्यात मग तारखेसोबत ती तारीख का घेतली याच्या दोन ओळीही लिहाव्या लागतात. आरआरसीत नेमका तोच प्रश्न येतो.