भयकथेचा पत्ता : मुरुडच्या राजवाड्यापासून तुंबाडच्या वाड्यापर्यंत

अलिबागहून काशीदमार्गे मुरुडला जाणाऱ्या प्रवाशाला गाव जवळ आले की समुद्राकडे तोंड करून उभा असलेला जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा दिसतो. एकोणिसाव्या शतकातील ही घुमट-कमानींची वास्तू १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाल्यानंतरही खासगी मालकीतच राहिली. त्यामुळे बहुतेक पर्यटक रस्त्यावर थांबून छायाचित्र काढतात आणि जंजिरा किल्ल्याच्या होड्या गाठायला पुढे निघतात. हिंदी भयपटांचा जुना प्रेक्षक मात्र येथे थोडा अधिक रेंगाळतो. रामसे बंधूंच्या 'पुरानी हवेली'मधली (१९८९) हवेली ती हीच, हे त्याला ठाऊक असते.

पडद्यावर मात्र ना मुरुडचे नाव आहे, ना सिद्दींचे, ना समोरच्या अरबी समुद्राचे. रामसेंना हवी होती ती फक्त 'एक हवेली'. ती कुठल्या गावची, कोणत्या घराण्याची, याच्याशी कथेला कर्तव्य नव्हते. रामसे भयपटांची गंमत त्या बेफिकिरीत होती, हेही खरे. पण भयकथेला पत्ता लागतो की नाही, हा वाद त्यानंतरच्या काळात जगभर रंगला, आणि तो रंगवला समीक्षकांपेक्षा चाहत्यांनी. व्हिडिओ गेमवरून चित्रपट निघू लागले तेव्हा या वादाला धार आली.

'सायलेंट हिल' हे त्याचे ठळक उदाहरण. जपानच्या कोनामी कंपनीने १९९९ साली प्लेस्टेशनसाठी काढलेल्या या खेळात हॅरी मेसन नावाचा बाप धुक्याने वेढलेल्या एका निर्जन अमेरिकन गावात आपली हरवलेली मुलगी शोधत फिरतो. ते धुके आधी तांत्रिक अडचणीतून आले. त्या काळच्या यंत्राला दूरवरचे दृश्य एका वेळी रंगवता येत नसे. न रंगवलेला भाग झाकण्यासाठी धुके पसरवले गेले, आणि तेच खेळाचा प्राण ठरले. खिशातल्या रेडिओची खरखर वाढली की काहीतरी जवळ आले आहे, एवढेच खेळणाऱ्याला कळते. पुढे पाऊल टाकायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे. खेळाचा शेवटही एक नाही. खेळताना काय केले, काय टाळले, यावर तो बदलतो.

ख्रिस्तोफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाने २००६ साली या खेळावर चित्रपट केला. गान्स स्वतः खेळाचे निस्सीम चाहते. अकिरा यामाओका यांचे मूळ खेळातले संगीत त्यांनी चित्रपटात वापरले. रस्ते, शाळा, भोंगा वाजताच भिंतींची साल निघून उघडे पडणारे दुसरे जग, हे सारे खेळणाऱ्यांनी पाहताक्षणी ओळखले. धुक्याच्या जोडीला राख आली. गावाखाली कोळशाची खाण जळते आहे, अशी ही कल्पना पेनसिल्व्हेनियातील सेंट्रेलिया या खऱ्या गावावरून सुचलेली होती. बापाच्या जागी रोझ ही आई आली. यावर कुरबूर झाली, पण फारशी टिकली नाही.

चाहत्यांची खरी तक्रार 'पिरॅमिड हेड' या त्रिकोणी शिरस्त्राणाच्या राक्षसाबद्दल होती. हा राक्षस दुसऱ्या खेळातला (२००१). तिथे तो जेम्स संडरलँड या एकाच माणसाच्या अपराधीपणातून जन्मतो. जेम्स नसेल तर त्याला असण्याचे कारणच नाही. चित्रपटात जेम्स नाही, राक्षस मात्र आहे. तो रुबाबदार दिसतो म्हणून घेतला, असे चाहत्यांना वाटले, आणि त्यांचे वाटणे चुकीचे म्हणता येत नाही. 'रेसिडेंट इव्हिल'च्या २००२ मधील चित्रपटात तर नायिका अॅलिस हे पात्रच मूळ खेळात नव्हते. तरीही ती मालिका गल्ल्यावर चालली आणि जुने खेळाडू हात चोळत बसले. थोडक्यात, चाहता घटना मोजत बसत नाही. त्या जगाचे नियम आणि त्या भीतीचे मूळ कारण शाबूत आहे का, हे तो पाहतो.

मराठीत भयखेळावरून निघालेला चित्रपट शोधायला जाणे व्यर्थ. पण असा चाहतावर्ग मराठीत फार आधीपासून आहे, आणि तो वाचनालयांत घडला. नारायण धारप (१९२५-२००८) यांची पुस्तके ज्यांनी रांग लावून, रात्री दिवा चालू ठेवून वाचली, त्या वाचकांपुढे हाच प्रश्न २०१८ साली 'तुंबाड'ने उभा केला.

राही अनिल बर्वे यांनी या चित्रपटाचे मूळ अनेकदा सांगितले आहे. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट ऐकवली. ती गोष्ट म्हणजे 'आजी'. धारपांची 'आजी'देखील स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' (१९८४) या कथेवर बेतलेली. घरात एकटा मुलगा, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी आणि ती नुसती आजी नाही ही जाणीव, एवढा तिचा गाभा. अमेरिकेतून मराठीत, पुस्तकातून मित्राच्या तोंडी, तोंडून पडद्यावर असा हा प्रवास आहे. धारपांशी इमान राखले नाही म्हणून बर्वे यांना बोल लावणाऱ्याने 'लुचाई'ही आठवावी. किंग यांची 'सालेम्स लॉट' धारपांनी मराठी मुलखात आणली तेव्हा त्यांनीही घर बदललेच होते.

चित्रपटात 'आजी'चा अंश पहिल्या प्रकरणात, १९१८ सालच्या भागात आहे. साखळदंडाने बांधलेली म्हातारी, तिला भरवण्याची वेळ आलेला विनायक आणि बाहेर न थांबणारा पाऊस. पुढची १९३३ आणि १९४७ ची प्रकरणे धारपांची नाहीत. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याचा लोभी. धान्यावर त्याने हात टाकला आणि इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीने त्याला पोटात लपवून वाचवले, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. हे पुराण चित्रपटाने रचलेले आहे. वेताळ, देवचार, गिरा, खवीस अशी कोकणची स्वतःची मंडळी हाताशी असताना नवा दैत्य कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर बहुधा असे, की ओळखीच्या भुताला उतारेही ओळखीचे असतात. हस्तरवरचा उतारा कोणाला माहीत नाही.

व्हिडिओ गेम खेळणारा तरुण प्रेक्षक या चित्रपटाकडे ओढला गेला, त्याचे कारणही येथेच सापडते. वाड्याखालच्या विहिरीतून देवीच्या गर्भात उतरायचे, भोवती पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली पुढे करायची आणि हस्तर ती खाण्यात गुंतला असताना त्याच्या लंगोटातील मोहरा ओढायच्या. नियम मोजके आणि ठरलेले, चुकीला क्षमा नाही. एका खोलीत उतरून जिवंत परत येण्याचा हा खेळच आहे. संगीतकार येस्पर किड यांचे नाव तर 'हिटमॅन' आणि 'अॅसॅसिन्स क्रीड' या खेळांच्या संगीतासाठीच जगाला माहीत. 'सायलेंट हिल'च्या धुक्याचे काम येथे पाऊस करतो. तो खरा मिळावा म्हणून चार पावसाळे चित्रण चालले.

मराठी चाहत्याची एक सल मात्र उरते. कोकणस्थ ब्राह्मण घर, पेशवाईचा वारसा, सोवळेओवळे, आलवणातली बाई, सारे काही मराठी. भाषा तेवढी हिंदी. निर्माता-अभिनेता सोहम शाह यांच्या पाठबळाखेरीज हा चित्रपट पूर्ण झाला नसता आणि मराठीत एवढा पैसा उभा राहणे अवघड होते, हे मान्य केले तरी ती म्हातारी मराठीत बोलली असती तर अंगावर आलेला काटा वेगळा असता. दुसरी सल नावाची. 'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडी कादंबरीमुळे मराठी वाचकांच्या मनात घर करून आहे, आणि त्या कादंबरीत हस्तर नाही. तरीही रामसेंच्या बिननावाच्या हवेलीशी तुलना केली तर येथे निदान गावाला नाव आहे आणि घराला लोभाचा इतिहास आहे. म्हातारीला बांधून ठेवण्याचे कारण त्या घराच्या पोटातून येते. पिरॅमिड हेडला जे कारण चित्रपटात मिळाले नाही, ते या म्हातारीला मिळाले.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित होण्यापूर्वी 'तुंबाड'ने व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा पडदा उघडला होता. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. चित्रपटगृहांत मात्र गर्दी बेताचीच होती. ती जमली सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा, आणि दुसऱ्या खेपेची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. सहा वर्षे तोंडी प्रचार करणाऱ्या चाहत्यांचा त्यात मोठा वाटा होता.

रायगडचा किनारा हरिहरेश्वरपाशी संपतो. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो आणि तेथून आत, खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी खरे तुंबाड आहे. चित्रपट पाहून वाडा शोधत तेथवर जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडद्यावरचा तो वाडा पुणे जिल्ह्यात, सासवडला आहे.