तालमीतील हाडवैद्यक

म्यूनिकचे डॉ. म्युलर-वोल्फार्ट 1977 साली बायर्न ह्या फुटबॉल संघाचे वैद्य झाले. वासराच्या रक्तापासून काढलेल्या अर्काच्या सुया ते जायबंदी खेळाडूंस टोचीत. डॉक्टरांत ह्यावर वाद माजला, तरी धावपटू उसेन बोल्ट त्यांच्याकडेच गेला. खेळाडूचा विश्वास आणि शास्त्राची शंका ह्यांमधील हे अंतर आपल्याकडे नवीन नाही. नागपूर-वऱ्हाडपासून बडोद्यापर्यंत मल्लाचा सांधा निखळला की प्रथम हात लावी तो उस्ताद. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव हे व्यायामगुरू म्हणून ख्यात होते, तसेच हाडवैद्य म्हणूनही.

ही विद्या थेट सुश्रुतसंहितेतून उतरली असे म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा. ‘उस्ताद’ हा शब्द फारसी, ‘तालीम’ अरबी. परंपरा मिश्र आहे हे भाषाच सांगते. तथापि एका स्थळी दोहोंचे साम्य लक्षणीय वाटते. ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे हे भग्नचिकित्सेचे चार उपाय सांगून सुश्रुत थांबत नाही. हाताचे हाड सांधल्यावर रोग्याने प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रम तो लावून देतो. भार पायरीपायरीने वाढविण्याचा हाच विचार उस्तादापाशी होता. सांधा बसविणारा आणि मल्लाला पुन्हा जोर-बैठकांस लावणारा माणूस तेथे एकच असे. 1947 साली नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावरही मल्लांची पावले तालमीकडे वळत राहिली, ह्याचे कारण केवळ अज्ञान नव्हे.

धोकाही तितकाच खरा. निखळलेला सांधा व मोडलेले हाड ह्यांतील भेद केवळ बोटांनी ओळखताना चूक झाली, किंवा बांबूच्या कामट्या फार आवळल्या गेल्या, तर रक्तप्रवाह खुंटून अवयव गमावण्याची पाळी येई. बरे झालेले मल्ल गुरूची कीर्ती गात. अपंग झालेल्यांची नोंद कोणी ठेवीत नसे. इतिहासकारापुढील खरी अडचण ही आहे.

क्ष-किरणांचा शोध 1895 चा. माणिकरावांपाशी 1907 ते 1910 ह्या काळात शिकलेले ज. ग. गुणे, म्हणजेच पुढील स्वामी कुवलयानंद, ह्यांनी त्याच किरणांच्या साह्याने बडोद्याच्या रुग्णालयात प्रयोग केले व 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. त्या प्रयोगांचे विषय उड्डियान, नौली ह्यांसारख्या यौगिक क्रिया होते. सांधा बसविणारा गुरूचा हात नव्हे.