हृदयशस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडांचे रक्षण

६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका अठरा वर्षीय तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले. वैद्यकशास्त्रातील एका नव्या पर्वाचा हा आरंभ होता. परंतु त्याबरोबर एक नवी चिंताही आली. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त एकट्या मूत्रपिंडांना मिळते. यंत्रावर असताना रक्ताचा दाब व प्रवाह बदलतो, तांबड्या पेशी फुटतात, शरीरात दाह निर्माण होतो. हृदय सुधारते, मूत्रपिंडे मात्र दुखावतात.

नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्येच कृत्रिम मूत्रपिंड वापरात आणले होते. पण डायलिसिस हा संकटानंतरचा आधार. संकट टाळावे कसे, हा प्रश्न उरलाच. त्यावर अनेक वर्षे डोपामीन हे औषध अल्प मात्रेत देण्याची प्रथा होती. त्याने लघवी वाढे, आणि लघवी वाढली म्हणजे मूत्रपिंड वाचले, असा समज रूढ झाला. इ. स. २००० मध्ये व्हिएन्ना येथील १२६ हृदयशस्त्रक्रिया-रुग्णांच्या अभ्यासाने हा समज खोटा ठरविला. डोपामीनचा लाभ दिसला नाही. लघवी वाढविणाऱ्या फ्युरोसेमाइडने तर हानीच झाली.

यानंतर संशोधकांनी साध्या दक्षतेकडे लक्ष वळविले. २०१७ मध्ये जर्मनीतील २७६ जोखमीच्या रुग्णांच्या अभ्यासात रक्तदाब व द्रवांचे काटेकोर नियंत्रण, साखरेवर लक्ष आणि मूत्रपिंडांस घातक औषधे टाळणे, एवढ्याने इजेचे प्रमाण ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये तीन देशांतील २२ रुग्णालयांच्या ३,५११ रुग्णांच्या अभ्यासात शिरेवाटे अमिनो आम्ले दिल्याने हे प्रमाण ३१.७ वरून २६.९ टक्के झाले. तथापि डायलिसिसची गरज लक्षणीयरीत्या घटल्याचे या दोन्ही अभ्यासांत सिद्ध झाले नाही.

सत्तर वर्षांच्या या वाटचालीचे सार असे की, रूढ समजुतीपेक्षा पारखलेले सत्य श्रेष्ठ होय. कुटुंबातील कोणावर हृदयशस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी आणि मधुमेह, रक्तदाब तसेच नित्य घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. मूत्रपिंडांचे रक्षण शस्त्रक्रियागृहाबाहेरच सुरू होते.