ज्यो नावाचा चौकोन

खिडक्या, चित्रे आणि माऊस यांच्या जगात प्रोग्रॅमिंग शिकवण्याच्या आरंभकाळाकडे वळले, की एका चौकोनाची गाठ पडते. त्याचे नाव ज्यो.

१९७३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या ‘पार्क’ संशोधन केंद्रात आल्टो हा संगणक सिद्ध झाला. ॲलन के यांच्या गटाची स्मॉलटॉक भाषा त्यावर चालू लागली. पण ती शाळकरी मुलांना शिकवायची कशी? ॲडेल गोल्डबर्ग यांनी व्याकरण बाजूला ठेवून उदाहरण पुढे केले. ज्योला ‘वळ’ म्हणा, तो पडद्यावर वळतो. ‘वाढ’ म्हणा, वाढतो. मग त्याच साच्यातून जिल हा दुसरा चौकोन. दोघे आपापल्या गतीने फिरू लागले, की मुलांसमोर हलते चित्र उभे! एका बारा वर्षांच्या मुलीने तर पुढे स्वतःची रंगकामाची प्रणाली रचली.

बहुतेक कथने इथेच टाळ्या घेऊन थांबतात. के मात्र थांबले नाहीत. १९९३ च्या आपल्या इतिहासलेखात त्यांनी प्रांजळपणे नोंदवले, की हे यश वाटले तितके सार्वत्रिक नव्हते. प्रोग्रॅमिंग न येणारी पार्कमधील प्रौढ मंडळीही शिकू लागली होती, परंतु नाव-पत्त्यांच्या कार्डांची एक छोटीशी सूची रचताना ती साफ अडखळली. के चक्रावले. तो प्रोग्रॅम त्यांच्या लेखी किरकोळ होता. अखेर त्यांनी तो स्वतः लिहिला आणि त्यात सहज न सुचणाऱ्या कल्पना किती, हे मोजले.

त्या १७ भरल्या.