पेशी, पकड आणि घोरपड

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील पेशींची संख्या पाचशे दिलेली आहे. वर्गात हे सांगितले की विज्ञानाची मुले हसतात. हे हसू अनाठायी आहे, कारण सुश्रुताची पेशी म्हणजे आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्यांना त्याने खोलीवाचक शब्द दिला; हिंदीची 'कोशिका' त्याच अर्थाच्या जवळ राहिली. मराठीने मात्र मांसाचा शब्द उचलून कप्प्याला दिला. पारिभाषिक शब्दांची शुद्धाशुद्धता तपासणाऱ्यांना हा घोटाळा वाटेल. मला तो भाग्याचा अपघात वाटतो, आणि त्याचे कारण पुढील इतिहासात आहे.

देहातील पेशी जागच्या जागी बसून नसतात. जखम भरताना, गर्भ घडताना, कर्करोग पसरताना त्या सरपटत जातात. हे सरपटणे पाहायचे तर पेशी देहाबाहेर काचेवर जिवंत ठेवता आली पाहिजे. रॉस हॅरिसन याने १९०७ साली बेडकाच्या गर्भातील चेतातंतू लसिकेच्या थेंबात वाढताना पाहिला, तेथून ही विद्या सुरू झाली. मुंबईत ती रुजवली कमल रणदिवे यांनी. पुण्यात जन्मलेल्या (१९१७) या विदुषीने वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि परतल्यावर परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. आपल्या वाङ्मयेतिहासात तिच्या समकालीन कवयित्रींना पाने मिळाली. तिला चरित्रकोशातील परिच्छेदावर भागवावे लागले.

काचेवरच्या पेशीचे चालणे मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी याने १९७०च्या दशकात टप्प्यांत मांडले. पुढची कड पसरते, खालच्या पृष्ठाला चिकटते, मधला देह ओढला जातो, मागची टोके सुटतात. ओढणारे रेणू कोणते? अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, म्हणजे स्नायूला आकुंचन देणारीच प्रथिनांची जोडी. ही जोडी स्नायूबाहेरच्या पेशींतही असते, हे १९६० व १९७०च्या दशकांत स्पष्ट झाले. प्रत्येक चालत्या पेशीत सुश्रुताची पेशी दडलेली आहे, असे मराठीत विनासायास म्हणता येते. हिंदीत येत नाही.

आता गणिताकडे. येथे पोलादपूरची वाट धरणे सोयीचे आहे. तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांची समाधीही तेथेच. १६७०च्या कोंढाणा-विजयातील घोरपडीची कथा इतिहासाभ्यासक दंतकथाच मानतात, परंतु महाड-पोलादपूरच्या मुलाला ती इतिहासाआधी ठाऊक असते. त्या कथेत एक यांत्रिक पेच आहे, ज्याकडे पोवाडा ऐकताना लक्ष जात नाही. दोर धरून चढणाऱ्या मावळ्यांसाठी घोरपडीने कडा सोडता कामा नये. पण तिला स्वतःला वर जायचे तर एकेक पाय सोडलाच पाहिजे. पकड सैल असेल तर ती घसरेल. फार घट्ट असेल तर तेथेच अडकेल.

नेमका हाच पेच डिमिला, बार्बी आणि लॉफेनबर्गर यांनी १९९१ साली समीकरणांत मांडला. त्यांनी पेशीचे काही तुकडे कल्पिले, त्यांत स्प्रिंगा आणि घर्षण देणारे दट्टे बसवले, आणि पुढच्या व मागच्या पकडीत फरक ठेवला. बंध तुटण्याचे सूत्र त्याआधीच जॉर्ज बेल याने १९७८ साली दिले होते: बंधाला ताण दिला की त्याचे आयुष्य घातांकी वेगाने घटते. उत्तर आले ते टेकडीच्या आकाराचे. पकड वाढवत नेली तर वेग आधी वाढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. १९९७ साली पेलेसेक व सहकाऱ्यांनी पृष्ठावरील चिकट प्रथिनाचे प्रमाण, पेशीवरील इंटेग्रिनांची संख्या आणि त्यांच्या बंधांची घट्टता बदलून पाहिली. तिन्ही वाटांनी तीच टेकडी दिसली. प्रतिमान आधी आणि पुरावा नंतर, असा क्रम जीवशास्त्रात विरळा.

या विद्येचे धागे आज आपल्याकडे आहेत. मुंबईच्या आयआयटीत शमिक सेन यांचा गट पेशींच्या स्थलांतराचा प्रयोग व संगणक या दोन्ही अंगांनी अभ्यास करतो. मंदार इनामदार ऊतींच्या यांत्रिकीची प्रतिमाने रचतात, आणि तेही स्थापत्य अभियांत्रिकी विभागात बसून. पूल आणि ऊती यांना एकच बलशास्त्र लागू पडते, त्यामुळे यात नवल नाही.

महाडहून गोवा महामार्गाने उत्तरेला निघालेला कर्करोगाचा रुग्ण अनेकदा खारघरला पोहोचतो. ते गावही रायगड जिल्ह्यातच. कमल रणदिवे यांनी जी संस्था वाढवली तिचीच वंशज तेथे अ‍ॅक्ट्रेक या नावाने उभी आहे. सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली तेथून प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले की प्लाकोफिलिन-३ हे पेशींना परस्परांशी जोडणारे प्रथिन कमी केले तर आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची आपसांतली पकड सुटते, त्या अधिक हिंडतात आणि उंदरांत दूरवर पसरतात.

म्हणजे पकड दोन प्रकारची, शेजाऱ्याशी आणि जमिनीशी. पहिली सुटते तेव्हा दुसरीचा हिशेब सुरू होतो. ही जमिनीची पकड औषधाने कमी करावी, हा विचार सरळ वाटतो. टेकडीचा आलेख त्याला आडवा येतो. पेशी शिखराच्या अलीकडे असेल तर पकड घटवल्याने ती मंदावेल. पलीकडे, घट्ट चिकटलेली असेल, तर तेच औषध तिला मोकळे करून वेग देईल. रुग्णाच्या गाठीतील पेशी कोणत्या उतारावर उभ्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरील मृत, रंगवलेल्या कापावरून सांगता येत नाही. त्यासाठी पेशी जिवंत ठेवून चालताना पाहावी लागते.