देवळातील एकतीस रुग्ण

६ जुलै २००२ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या अंकात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेशी निगडित संशोधकांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. आर. रघुराम हे त्याचे पहिले लेखक. अभ्यासाचे ठिकाण रुग्णालय नव्हते, तामिळनाडूतील मुत्तुस्वामी मंदिर होते. या देवळात गंभीर मनोविकार असलेली माणसे नातेवाइकांसह येऊन राहत. राहण्याचे पैसे घेतले जात नसत. सकाळी थोडा वेळ पूजा होई. उरलेला दिवस झाडलोट, झाडांना पाणी घालणे अशा कामांत जाई. भूत उतरवण्याचा विधी नव्हता, मारहाण नव्हती. २००० च्या उन्हाळ्यापासून तीन महिन्यांत येथे राहिलेल्या ३१ जणांची संशोधकांनी आल्यावर आणि निघताना तपासणी केली. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता. सरासरी मुक्काम सुमारे सहा आठवड्यांचा. मनोविकाराच्या लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या बीपीआरएस या श्रेणीवर त्यांचे सरासरी गुण ५२.९ वरून ४२.९ वर उतरले.

दहा गुणांची ही घट बऱ्याच औषधांनी साधणाऱ्या सुधारणेच्या तोडीची आहे, असे लेखकांनी नोंदवले. एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हे वाक्य छापून येणे हीच मोठी घटना होती. त्यातून एका बाजूने 'श्रद्धेपुढे विज्ञान नमले' असा अर्थ काढता येतो, दुसऱ्या बाजूने 'अंधश्रद्धेला मान्यता मिळाली' असा. दोन्ही अर्थ मूळ निबंधात नाहीत. देवळातील आश्वासक, निर्भय वातावरणाचा हा परिणाम असावा, एवढेच लेखकांचे म्हणणे होते.

या आकड्यांकडे पाहताना त्यांच्या तारखा विसरता येत नाहीत. नोंदी झाल्या २००० साली, निबंध छापून आला २००२ साली. मधल्या वर्षात एरवाडी घडले.

रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी गावात सुलतान सय्यद इब्राहिम शहीद यांचा दर्गा आहे. त्याच्या आश्रयाने मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी 'घरे' उभी राहिली होती. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून लागू होता आणि अशा जागांना परवाना घेणे बंधनकारक होते. पण त्याची फिकीर कोणाला नव्हती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातील एका छपराला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली. त्या खटल्याच्या शीर्षकात मात्र आजही २५ साखळबंद रुग्णांचा मृत्यू असेच लिहिलेले आहे, कारण पहिल्या बातम्यांत तेवढेच मृत मोजले गेले होते. ५ फेब्रुवारी २००२ च्या आदेशात न्यायालयाने राज्यांना अशा सर्व जागांचे सर्वेक्षण करण्यास आणि प्रत्येक राज्यात किमान एक सरकारी मनोरुग्णालय असावे हे पाहण्यास बजावले.

राज्यात किमान एक. हा आदेश २००२ सालचा आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात मूर टेलर यांनी केलेल्या पाहणीचा आधार घेऊन नोंदले होते, की देशभरातील मनोरुग्णालयांत सुमारे १०,००० खाटा आहेत, म्हणजे साधारण ४०,००० माणसांमागे एक. माणसे देवळात आणि दर्ग्यात का जात होती, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या भागाकारातच आहे. उरलेले अर्धे उत्तर कर्नाटकच्या किनाऱ्यावरील कोटा गावात कार्स्टेअर्स आणि आर. एल. कपूर यांनी शोधले. १९७६ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की गावकरी वैद्य, मांत्रिक, अंगात येणारा पात्री आणि डॉक्टर यांपैकी एकालाच निवडत नाहीत. ते सगळ्यांकडे जातात, कधी एकाच आठवड्यात. शहरी सुशिक्षितांना यात विसंगती वाटते. आजाऱ्याच्या घरच्यांना वाटत नाही.

आजाऱ्याची ही दुहेरी वाट सर्वांत जवळून कोण पाहते? मनोविकारतज्ज्ञ दिवसातून काही मिनिटे भेटतो. मनगटावरचा गंडा, उशीखालचा अंगारा, मध्यरात्री पुटपुटलेला मंत्र हे परिचारिकेला दिसते. म्हणून धर्म आणि मन यांच्या संबंधाचा प्रश्न परिचर्याशास्त्राने गंभीरपणे घेतला, यात नवल नाही. जॉइस ट्रॅव्हलबी या अमेरिकी मनोरुग्ण-परिचारिकेने १९६६ मध्ये असे मांडले, की दुःखात अर्थ शोधण्यास माणसाला साहाय्य करणे हे परिचर्येचेच काम आहे. व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचाराची छाप तिच्यावर उघड आहे. १९७८ साली अमेरिकेतील परिचर्या-निदानांच्या यादीत 'आध्यात्मिक व्यथा' ही नोंद आली. पुढच्याच वर्षी रूथ स्टोल यांनी रुग्णाला काय विचारावे याची रूपरेषा दिली: देवाविषयीची कल्पना, बळ आणि आशा कशातून मिळते, कोणते धर्माचार महत्त्वाचे वाटतात, आणि श्रद्धेचा आजाराशी काय संबंध वाटतो. साधे प्रश्न आहेत. भारतातील एखाद्या वॉर्डात ते विचारले, तर एका दुपारी वही भरेल.

भारतात मनोरुग्ण-परिचर्येच्या स्वतंत्र शिक्षणाचा पाया बंगळुरूमध्ये १९५४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत घातला गेला. हीच संस्था १९७४ मध्ये निम्हान्स झाली. १९५७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात फ्लॉरेन्स निकोल्स यांनी मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहण्याची पद्धत रुजली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना राहायला जागा दिली. युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांनी कुटुंबाला फाटकाबाहेर ठेवले होते, त्याच्या नेमके उलट. आता मुत्तुस्वामी मंदिराचे वर्णन पुन्हा वाचले, तर वेल्लोर आणि अमृतसर यांच्याशी असलेले साम्य डोळ्यांत भरते. तिन्ही ठिकाणी घरचे माणूस सोबत आहे.

इथेच त्या दहा गुणांचा प्रश्न कठीण होतो. देवळात पूजा होती, कुटुंब होते, काम होते, नियमित जेवण होते, हिणवणारे शेजारी नव्हते आणि सहा आठवडे गेले होते. गुण उतरले ते यांपैकी कशामुळे? तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सांगता येत नाही. शिवाय माणसे देवळात येतात ती आजार शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेवरून काहीही न करताही थोडे खाली येणे घडते. आकड्यातही एक खोच आहे. दहा गुण म्हणजे ५२.९ च्या सुमारे १९ टक्के. पण बीपीआरएसच्या प्रचलित १८ मुद्द्यांच्या आवृत्तीत प्रत्येक मुद्द्याला किमान एक गुण असतो. म्हणजे पूर्ण निरोगी माणसालाही १८ गुण पडतात. ती आवृत्ती धरून शून्य योग्य जागी नेले, तर तीच घट सुमारे २९ टक्के होते. सेल्सिअसमधला २० अंशांचा दिवस १० अंशांच्या दिवसाच्या दुप्पट उष्ण नसतो, त्यातलाच हा प्रकार. मंदिराचा परिणाम निबंधात सांगितला त्याहून मोठा असू शकतो आणि तरीही तो मंदिराचा नसू शकतो.

अध्यात्म मोजण्याच्या साधनांत याहून गंभीर दोष आहे. १९८२ साली पालुत्झियन आणि एलिसन यांनी आणलेल्या 'आध्यात्मिक सुस्थिती' श्रेणीत २० विधाने आहेत. दहा देवाशी असलेल्या नात्याविषयी आणि दहा जीवनातील समाधान व हेतू यांविषयी. परिचर्या महाविद्यालयांतील प्रबंधांत ही श्रेणी व तिच्यासारख्या श्रेणी आजही वापरल्या जातात, आणि 'अध्यात्म जास्त तेथे नैराश्य कमी' असा निष्कर्ष निघतो. निघणारच. जीवनात अर्थ वाटत नाही असे सांगणाऱ्याला एका श्रेणीत अध्यात्म कमी आणि दुसरीत नैराश्य जास्त असे गुण मिळतात. एकाच गोष्टीला दोन नावे देऊन त्यांचा परस्परसंबंध काढला जातो. हॅरॉल्ड कोनिग यांनी २००८ मध्ये हे स्पष्ट शब्दांत दाखवून दिले. ते स्वतः धर्म आणि आरोग्य यांच्या संबंधाचे आघाडीचे अभ्यासक असल्यामुळे या टीकेला वजन आहे.

जागतिक आरोग्य संघटनेलाही हा शब्द पेलला नाही. १९८४ च्या अधिवेशनात आरोग्याचे 'आध्यात्मिक परिमाण' ठरावाने मान्य झाले. १९९८ मध्ये कार्यकारी मंडळाने ते आरोग्याच्या मूळ व्याख्येतच घालण्याची शिफारस केली. १९९९ च्या अधिवेशनात ती बाजूला ठेवली गेली. मोजता न येणारा शब्द व्याख्येत घातला असता, तर त्याने कोणत्या रुग्णाला काय मिळाले असते, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता.

रुग्णाला काही मिळवून देणारा प्रयत्न गुजरातमध्ये झाला. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात राज्य शासनाच्या साहाय्याने 'दवा-दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, दर्ग्याच्या आवारातच उपचाराची सोय झाली. येणाऱ्याला दुआ सोडायला कोणी सांगत नाही. मुजावरच त्याला डॉक्टरकडे पाठवतो. गरज किती आहे ते २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले: निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९५ मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई करते. त्याच कायद्यानुसार, रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची देखभाल करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला नोंदणी आवश्यक आहे. २९ मे २०१८ रोजी तो लागू झाला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पुन्हा छायाचित्रे आली. उत्तर प्रदेशातील बदायूँ येथील एका श्रद्धास्थानाशी जोडलेल्या आश्रयगृहात माणसे साखळ्यांनी बांधलेली होती.