धरण बांधण्याआधी नदीचा हिशेब कसा मांडतात?

पावसाळा लागला की ‘धरणातून ५० हजार क्युसेक विसर्ग’ अशा पोस्ट फिरू लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. पण धरण होण्याच्या कितीतरी आधी तीन आकडे कागदावर ठरतात: वर्षाला पाणी किती येईल, मोठ्यात मोठा पूर केवढा असेल आणि गाळ किती साचेल.

यातला पुराचा आकडा चुकला तर काय होते, ते गुजरातमधल्या मच्छू-२ धरणात दिसले. त्याचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६३ घनमीटर, म्हणजे २ लाख क्युसेक पाणी सोडण्यासाठी बांधला होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी पूर आला १६,३०७ घनमीटरचा. जवळपास तिप्पट! पाणी मातीच्या भरावावरून वाहू लागले, भराव खचला आणि खालचे मोरबी शहर बुडाले. मृतांचे अंदाज १,८०० पासून २५,००० पर्यंत सांगितले जातात. धरण पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता सुमारे २१,००० घनमीटर ठेवली गेली.

मग हा आकडा काढतात कसा? सुरुवात साधी असते. नदीच्या पात्राचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याची खोली आणि पाण्याचा वेग मोजायचा. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे विसर्ग. वेगवेगळ्या पातळ्यांना असे मोजले की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो, मग रोज फक्त पातळीपट्टी वाचली तरी भागते. अडचण येते ती महापुरात. तेव्हा नदीत उपकरण उतरवणे शक्य नसते, म्हणून आलेख अंदाजाने पुढे वाढवावा लागतो. भिंतींवरच्या, देवळाच्या पायऱ्यांवरच्या पुराच्या खुणाही म्हणूनच नोंदवतात.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. तो एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असे नसते. दरवर्षी त्याची शक्यता १ टक्का, त्यामुळे ५० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के होते. म्हणून भारतीय मानकांनुसार ६ कोटी घनमीटरहून जास्त साठ्याच्या धरणाचा सांडवा ‘संभाव्य महत्तम पुरा’साठी आखतात. त्या पाणलोटात जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकेल, याचा हिशेब करून हा पूर काढला जातो.

वार्षिक येव्याचा हिशेब वेगळा. सिंचनासाठी सहसा ७५ टक्के विश्वासार्हता धरतात, म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षे तेवढे पाणी मिळायलाच हवे. बच्छावत लवादाने कृष्णेचे २,०६० टीएमसी पाणी याच पद्धतीने, ७८ वर्षांच्या नोंदींवरून ठरवले होते. इथे सरासरी धरली तर कागदावर पाणी जास्त दिसते आणि कालवे कोरडे राहतात.

उरला गाळ, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पाण्याचे नमुने बाटलीत घेऊन तरंगता गाळ मोजता येतो, पण तळाशी घरंगळत जाणारी वाळू-गोटे मोजणे फार कठीण. शिवाय वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या पुराच्या दिवसांतच येतो. त्या दिवशी नमुना घेतला नाही तर हिशेब कोसळतो. बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर तेलंगणात निजामसागर आहे. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाची निम्म्याहून अधिक साठवण चार-पाच दशकांत गाळाने गिळली. गृहीत धरलेल्या दराच्या कितीतरी पट गाळ आला होता.

गाळ फक्त तळाच्या ‘मृत साठ्या’त जातो, हाही एक गोड गैरसमज आहे. नदी जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग पडतो आणि जाड वाळू वरच्या टोकाला बसते. म्हणजे जागा खाल्ली जाते ती उपयुक्त साठ्याची. आता उपग्रहाच्या छायाचित्रांवरून, पातळी उतरत जाते तसे पाण्याखालचे क्षेत्र मोजून हे नुकसान काढतात. वर्षातल्या सर्वांत कमी पातळीच्या खाली काय साचले, ते मात्र उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी बोटीतून ध्वनिलहरी सोडून खोली मोजावी लागते.